घरच्या सिम्युलेटरवरचे १२०० तास आणि सेस्नातला पहिला तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी झालेल्या एका तरुणाने गेल्या चार वर्षांत मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन यांवर मिळून सुमारे १२०० तास उड्डाण केले आहे. आता तो व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रवेश घेणार आहे. या तासांमुळे प्रशिक्षण किती कमी होईल, पहिल्याच दिवशी खरे विमान हाताळता येईल का, आणि प्रवेशाला उरलेल्या सहा महिन्यांत घरच्या यंत्रणेवर आणखी लाखभर रुपये घालावेत का, हे त्याला विचारायचे आहे. मी वीसहून अधिक वर्षे लहान, एकइंजिनी विमानांत विद्यार्थ्याच्या उजव्या हाताला बसून शिकवत आलो आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले हल्ली घरी काही ना काही उडवून आलेली असतात. त्यामुळे हे उत्तर अनुभवावरून देतो आहे आणि थोडे लांबणार आहे.

आधी नियमांचे उत्तर, कारण ते सर्वांत सोपे आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण लागते, आणि त्यांतले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून केलेले असावे लागतात. घरच्या सिम्युलेटरवरचा एकही मिनिट यांत धरला जात नाही. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे तास धरले जातात, पण तेही एका ठरावीक कोपऱ्यातच: या परवान्यासाठी लागणाऱ्या १० तासांच्या उपकरण-उड्डाणापैकी जास्तीत जास्त ५ तास, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (केवळ उपकरणांवर उडण्याच्या वेगळ्या परवानगीसाठी) लागणाऱ्या ४० तासांपैकी जास्तीत जास्त २० तास. म्हणजे नियम करणाऱ्यांनी सिम्युलेटरला जागा दिली आहे ती फक्त बाहेरचे काही न पाहता, उपकरणांवर विसंबून उडण्याच्या अभ्यासात. ही विभागणी कागदी वाटते, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

या यंत्राचा जन्मच मुळी त्या कामातून झाला. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावच्या एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. तिथल्याच भात्यांचे आणि झडपांचे ज्ञान वापरून त्याने १९२९ मध्ये जमिनीवर डोलणारे एक छोटे लाकडी विमान तयार केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसाठीच अधिक खपले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल विमानाने नेण्याचे काम आले, आणि हिवाळ्यातल्या ढगांत व बर्फात उडण्याची सवय नसलेले वैमानिक काही आठवड्यांत एकामागून एक मरण पावले. त्यानंतर लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. ती विमान उतरवायला शिकवण्यासाठी घेतली नव्हती. ढगात शिरल्यावर काट्यांवर विश्वास ठेवून विमान सरळ कसे ठेवायचे, यासाठी घेतली होती. ढगात बाहेरचे जग नाहीसे होते आणि समोर उरतात त्या तबकड्या. आणि तबकडी पडद्यावर जशीच्या तशी दाखवता येते. व्हीओआरची (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची) सुई, आयएलएसची (धावपट्टीपर्यंत उतरत आणणाऱ्या रेडिओ यंत्रणेची) खूण, वेग आणि उंची यांवर आळीपाळीने नजर फिरवण्याची शिस्त, होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेत थांबण्यासाठीच्या ठरावीक घिरट्यांमध्ये, शिरण्याची पद्धत, सेकंदाला तीन अंश या दराचे वळण, हे सारे घरच्या पडद्यावर खऱ्याच्या फार जवळ जाते. या टप्प्यावर सिम्युलेटर वापरणारी मुले इतरांच्या पुढे असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अडचण अशी की प्रशिक्षण त्या टप्प्यापासून सुरू होत नाही. पहिले पंधरा-वीस तास स्वच्छ हवेत, क्षितिजाकडे पाहत, हाताने आणि पायाने विमान ओळखण्यात जातात, आणि नेमके तिथेच घरचा सराव आडवा येतो. सर्वांत ठळक उदाहरण ट्रिमचे आहे. सेस्नासारख्या खऱ्या लहान विमानात नाक वर धरायचे असेल तर योक, म्हणजे वैमानिकासमोरचा दांडा, ओढून धरावा लागतो आणि त्याचा भार हाताला जाणवतो. मग ट्रिमचे चाक फिरवत तो भार हळूहळू शून्यावर आणायचा असतो. हे करताना योक जागचा हलत नाही, फक्त हाताला लागणारा जोर संपतो. घरच्या जॉयस्टिकला मात्र स्प्रिंग असते, आणि ती काहीही झाले तरी मध्याकडेच ओढते. ट्रिम फिरवला की हात मागे मध्यावर आणावा लागतो, आणि नाक किती खाली गेले हे डोळ्यांनीच पाहून जुळवावे लागते. परिणाम असा होतो की घरी शिकलेला मुलगा ट्रिमनेच विमान उडवू लागतो. नाक खाली गेले की त्याचा अंगठा चाकाकडे धावतो, योक ओढून आधी नाक जागेवर आणावे हे त्याला सुचतच नाही. शिवाय खऱ्या योकचा जोर वेगाबरोबर बदलतो. वेग वाढला की तो घट्ट होतो, आणि स्टॉलजवळ, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या बेतात असताना, इतका सैल पडतो की तळहाताला विमानाची तक्रार आधी कळते व इशाऱ्याचा हॉर्न नंतर वाजतो. स्प्रिंगला ही भाषा येत नाही. ही सवय मोडायला माझे साधारण तीन-चार तास जातात, आणि आज एका तासाचे शुल्क पाहता ती फुकट मिळालेली सवय बरीच महाग पडते.

दुसरी गोष्ट नजरेची. पडद्यावर पुढचे दृश्य पन्नास-साठ अंशांत मावते आणि त्याखाली उपकरणे ठळक व वाचायला सोपी असतात, म्हणून नजर तिथेच खिळते. खऱ्या विमानात दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ २०० अंशांचे जग दिसत असते. नाकाचे क्षितिजाशी नाते पाहून वेग आणि चढ ओळखायचा असतो, आणि त्याच वेळी समोरून येणारे दुसरे विमान व वाटेतल्या घारीही शोधायच्या असतात. सिम्युलेटरवरून आलेला विद्यार्थी पहिल्या तासात उंची वीस फुटांच्या आत धरून दाखवतो आणि आपण कोणत्या गावावर आहोत हे विचारले की गप्प होतो. त्यातही तो ज्या चढ-उताराच्या काट्याचा पाठलाग करत असतो तो काही सेकंद उशिरा बोलतो, त्यामुळे विमान लाटांसारखे वरखाली होत राहते. अशा वेळी प्रशिक्षक उपकरणे झाकून टाकतो. मुलांना तो अपमान वाटतो, पण दहा मिनिटांत विमान स्थिर होते.

उतरण्याचेही तसेच आहे. धावपट्टीवर शेवटच्या दहा-पंधरा फुटांत नाक किती आणि कधी उचलायचे, हे मुख्यतः डोळ्यांच्या कडांना जमीन कशी वर येते आहे त्यावरून कळते. सपाट पडद्याला कडाच नसतात, म्हणून घरी मुले आकडे पाहून, आवाजी सूचना ऐकून किंवा केवळ पाठांतराने उतरतात. पहिल्या काही लँडिंगमध्ये ती हमखास उंचावरच फ्लेअर करतात, म्हणजे नाक उचलतात, आणि मग विमान धपकन खाली येते. डोळ्यांवर चढवण्याच्या व्हीआर संचाने यात खरोखर फरक पडतो, कारण त्यात खोली जाणवते आणि मान वळवून धावपट्टी पाहता येते. तरी डोळ्यांच्या कडांची उणीव त्यातही पुरती भरून निघत नाही.

पायांबद्दल दोन वाक्ये पुरतील असे वाटले होते, पण पुरणार नाहीत. उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्ती दिली की प्रोपेलरच्या परिणामाने विमानाचे नाक डावीकडे जाते आणि उजवा रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी वळवणारे पायाशी असलेले पेडल, दाबून ठेवावा लागतो. चढतानाही तोच दाब कमी प्रमाणात चालू राहतो. घरी बहुतेकांच्या पायाशी पेडल नसतात आणि सिम्युलेटर स्वतःच रडर सांभाळत असतो. मग चार वर्षे जमिनीवर टेकलेले पाय पाचव्या वर्षीही टेकलेलेच राहतात. पाय निष्क्रिय असणे एक वेळ परवडते, पण पाय चुकीच्या वेळी जागे होणे परवडत नाही. बेसवरून फायनलला, म्हणजे धावपट्टीला आडव्या वाटेवरून उतरण्याच्या सरळ वाटेवर, वळताना मध्यरेषा ओलांडली गेली, की घाबरलेला विद्यार्थी झुकाव वाढवण्याऐवजी आतल्या बाजूचा रडर दाबून नाक ओढू पाहतो. कमी वेग, ओढलेला योक आणि असा तिरका रडर हे तिन्ही एकत्र आले की विमान स्पिनमध्ये जाते, म्हणजे गरगरत खाली कोसळते, आणि त्या उंचीवरून सावरायला जागा नसते. जगभरच्या लहान विमानांच्या प्राणघातक अपघातांत हा प्रकार जुना आणि ओळखीचा आहे. त्या वळणावर रेषा चुकली तर शक्ती देऊन गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचे, हे मी मुलांकडून कंटाळा येईपर्यंत करून घेतो.

कानाचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. पावसाळा सरल्यानंतरच्या एका दमट सकाळी माझा एक विद्यार्थी, जो घरी उत्तम उडवत असे, सेस्ना १५२ मधून क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचे उड्डाण, करत होता. त्याची दिशा अचूक होती, नकाशावरच्या खुणा वेळेवर येत होत्या, आणि शक्ती कमी करून आम्ही उतरू लागलो तेव्हा इंजिनाचा आवाज किंचित जड झाला. आरपीएमचा काटा शंभरेक फेऱ्यांनी खाली गेला होता. त्याने ते पाहिलेही नाही आणि ऐकलेही नाही. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, इंधनाच्या बाष्पीभवनाने हवा इतकी थंड होते की बाहेर पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो. त्यावर उपाय म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा कार्ब हीटचा दांडा ओढायचा असतो. त्याला हा सारा सिद्धांत पाठ होता आणि लेखी परीक्षेत त्याने तो लिहिलाही असता. पण घरी हेडफोनवर ऐकलेले इंजिन त्याच्याशी कधी बोललेच नव्हते. दांडा ओढल्यावर इंजिन आधी अडखळले, कारण वितळलेले पाणी आत गेले, आणि मग पूर्ववत झाले. त्या अडखळण्याने त्याचा चेहरा उतरला, आणि ते बरेच झाले.

शरीराचा भाग तर घरी आणताच येत नाही. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका हळू झालेला झुकाव टिपत नाहीत. ढगात विमान सावकाश एका बाजूला कलले आणि वैमानिकाने ते झटक्यात सरळ केले, तर आता आपण उलट्या बाजूला कललो आहोत असे शरीर ठामपणे सांगते. उपकरणांवर विश्वास ठेवणे याचा खरा अर्थ या शारीरिक खोट्या साक्षीला नाकारणे असा आहे. खुर्चीवर बसून उपकरणांवर विश्वास ठेवणे सोपे असते, कारण तिथे विरुद्ध साक्ष द्यायला कोणी नसते. म्हणूनच उपकरण-उड्डाणाच्या पद्धती घरी पक्क्या झाल्या तरी त्याचे निम्मे तास खऱ्या विमानात होणे मला योग्य वाटते.

हवामान आणि वजन यांकडे घरी उडणारे सहसा दुर्लक्ष करतात, आणि आपल्याकडे तर ते करून चालतच नाही. देशावरचा, समुद्रसपाटीपासून २००० फूट उंचीचा विमानतळ आणि मे महिन्यातली ४० अंशांची दुपार घ्या. त्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण ११ अंश धरले जाते. म्हणजे हवा २९ अंशांनी अधिक तापलेली आहे, आणि दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने विमानाला आपण ५५०० फुटांच्या आसपास असल्यासारखे वाटते. धावपट्टीवरची धाव लांबते, चढ मंदावतो, आणि शिवाय तापलेल्या हवेचे वर चढणारे लोट विमानाला उचलून आपटत असतात. त्यात सेस्ना १५२ मध्ये दोन धष्टपुष्ट माणसे आणि टाक्या भरून इंधन घेतले तर ७५७ किलोची कमाल मर्यादा सहज ओलांडली जाते. सिम्युलेटरही हे गणित करतो, पण त्याला तसे हवामान आणि वजन द्यावे लागते, आणि सुखद सकाळ एका टिचकीवर मिळत असताना मेची दुपार कोण मागणार? बारामती, धुळे किंवा गोंदियाजवळचे बिरसी अशा ठिकाणी शिकणारी मुले पहाटेच्या सॉर्टीसाठी (उड्डाणाच्या फेरीसाठी) का भांडतात, हे पहिल्या उन्हाळ्यात कळते.

थांबवण्याच्या बटणाबद्दल सर्वच जण बोलतात, म्हणून मी थोडेच लिहितो. खरा फरक ते बटण नसण्याचा नसून, निघण्यापूर्वीच नाही म्हणण्याचा आहे. प्रशिक्षणातले कितीतरी दिवस न उडताच जातात: धुके, ढगांचा पाया खाली, विमानाला स्नॅग (बिघाड), एखाद्या टायरवर चीर. सकाळी पंखाखालच्या निचऱ्यातून काढलेले निळसर इंधन उन्हात धरून तळाशी पाण्याचा थेंब आहे का हे पाहणे, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरल्या छिद्राला रुमाल लावून तोंडाने हवा ओढत स्टॉलचा हॉर्न वाजतो का हे तपासणे, ही कामे घरी कोणी करत नाही. आणि काही दोष आढळला तर एवढी तयारी करून आलेले उड्डाण त्या दिवसापुरते सोडायचे असते. हे सोडणे शिकवावे लागते. चार वर्षे प्रत्येक संध्याकाळी हमखास उडालेल्या मुलाला ते अधिक जड जाते.

मग मोठ्या कंपन्या तर सिम्युलेटरवरच सगळे शिकवतात, असा उलट प्रश्न येतोच. ते खरे आहे. उड्डाणाच्या निर्णायक वेगाला इंजिन बंद पडणे हा प्रसंग प्रवासी घेऊन जाणारे वैमानिक ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्येच पुन्हा पुन्हा गिरवतात. पण सहा पायांवर डोलणारे ते यंत्र निर्मात्याच्या मोजलेल्या आकड्यांवर चालते, त्याची तपासणी व मान्यता होते, योकचा किंवा साइडस्टिकचा जोर खऱ्यासारखा असतो, आणि मागे एक प्रशिक्षक बसलेला असतो. चूक होताच ती दाखवणारे कोणी असणे, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. घरी एखादी चूक १२०० तास न सांगता राहू शकते.

आता सहा महिन्यांचे आणि लाखभर रुपयांचे. नवे ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. पेडल नसतील तर ती आधी घ्या, जॉयस्टिकऐवजी साधा योक घ्या, स्वयंचलित रडर आणि बाकीची सगळी मदत बंद करा, आणि उरलेले पैसे शुल्कासाठी ठेवा. तुमच्या प्रशिक्षण संस्थेत ज्या प्रकारचे विमान आहे तेच निवडा आणि त्याच्या पुस्तिकेतले वेग पाठ करा. सेस्ना १७२ एस असेल तर ५५ नॉटला नाक उचलणे, ७४ ला चढणे, आणि इंजिन बंद पडल्यास पूर्ण वजनात ६८ ला तरंगत येणे. चेकलिस्ट हाताच्या क्रमाने पक्की करा. त्यासाठी संगणकही लागत नाही, भिंतीवर कॉकपिटचे चित्र लावून खुर्चीत बसून केले तरी चालते आणि आम्ही सर्वांनी तसेच केले आहे. व्हॅटसिमसारख्या, सिम्युलेटरवर उडणाऱ्यांना हौशी हवाई नियंत्रकांशी जोडणाऱ्या इंटरनेटवरच्या जाळ्यावर रेडिओवर बोलण्याचा सराव जरूर करा, कारण तोंड उघडण्याची भीती तिथेच जाते, मात्र खऱ्या वारंवारतेवर खरखर असते आणि तीन विद्यार्थी एकाच वेळी बोलत असतात हे धरून चला. उपग्रहचित्रांमुळे परिसराची ओळखही आधी होऊ शकते: नदीचे वळण, रेल्वेचा फाटा, साखर कारखान्याचे धुराडे. फक्त उजनीचा जलाशय पडद्यावर वर्षभर एकाच आकाराचा राहतो आणि खरा उजनी मे महिन्यात इतका आक्रसतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा किनाराच चुकतो. लँडिंगचा सराव मात्र आता थांबवा. तो खऱ्या विमानात पहिल्यांदा एकट्याने उडून झाल्यावर पुन्हा सुरू केलात तर उपयोगी पडेल, कारण तेव्हा पडद्यावर जे दिसत नाही ते तुमचे डोळे स्वतः भरून काढतील. उपकरण-उड्डाणाचा टप्पा आला की रोज संध्याकाळी तासभर बसा. त्या दिवशी शिकवलेले व्हीओआरचे इंटरसेप्शन किंवा होल्डिंग दुसऱ्या सकाळच्या आत चार वेळा गिरवून आलेला विद्यार्थी मला लगेच ओळखू येतो, आणि प्रशिक्षण खरोखर कुठे वाचत असेल तर ते इथे, त्याच त्या सॉर्टी पुन्हा न कराव्या लागण्यात.

पहिल्याच दिवशी विमान हाताळता येईल का? सरळ आणि समतल उड्डाण, साधी वळणे हे बहुधा पहिल्या दहा मिनिटांत जमेल, आणि त्याने तुमचा व प्रशिक्षकाचा दोघांचाही गैरसमज होऊ शकतो. म्हणून आपण घरी किती उडवले आहे हे पहिल्याच ब्रीफिंगमध्ये सांगून टाका. काही मुले हसतील या भीतीने ते लपवतात. लपवू नका, लपतही नाही. माझ्या बाबतीत तर पहिल्या वळणातच कळते. कोणी १२०० तास म्हणाले की मी हसत नाही, फक्त उपकरणे झाकायच्या दोन रबरी चकत्या खिशात आहेत ना, एवढे चाचपून पाहतो आणि विमानाकडे चालू लागतो.